शिळा पाव खावा, बुरसटलेला टाकावा

पाव हा आता आपल्या घरातला पाहुणा राहिलेला नाही. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी लहान गावात पाव घरात येई तो कुणाला तरी ताप आला म्हणजे. "दोन दिवस चहा-पाव द्या, पचायला हलका आहे," असे डॉक्टर सांगत आणि घरातली बाकीची मुले त्या आजाऱ्याकडे हेव्याने बघत बसत. आता सकाळच्या चहाला पाव, मुलांच्या डब्यात सँडविच, रविवारी मिसळ आणि संध्याकाळी वडापाव. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा पदार्थ (पाव हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला) आज भाकरीच्या शेजारी मांडी घालून बसला आहे.

तेव्हा पाव खावा की खाऊ नये या वादात आज मी शिरणार नाही. मला लिहायचे आहे ते घरात आलेल्या पावाचे आपण पुढे काय करतो, याबद्दल. माझे स्पष्ट मत असे की, आपण नेमके उलटे करतो. जो पाव नुसता कडक झाला आहे, पण खायला निर्धोक आहे, तो आपण टाकून देतो. ज्याच्यावर बुरशी आली आहे, त्याचा तेवढा कोपरा कापून उरलेला खातो, किंवा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. शिळा पाव आणि खराब पाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक घरोघरी कळला तर अन्नाची नासाडीही थांबेल आणि पोटाचे काही आजारही टळतील.

शिळा म्हणजे काय?

पाव कडक झाला म्हणजे त्यातले पाणी उडून गेले, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. बूसिंगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले की, पाण्याचा अंश बाहेर जाऊ न देता बंद करून ठेवलेला पावही शिळा होतोच. पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. पाव थंड झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो. पाव कडक होतो, त्याचा भुगा पडू लागतो. ही केवळ रचनेतली उलथापालथ आहे. यात जंतू नाहीत, विष नाही. असा पाव पुन्हा नीट गरम केला की बराचसा मऊ होतो, याचे कारण हेच.

आता गंमत अशी की, ही क्रिया फ्रीजच्या थंडाव्यात सर्वांत जलद होते. म्हणजे 'ताजा राहावा' म्हणून आपण जो पाव फ्रीजमध्ये ठेवतो, तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीजमध्ये बुरशी मात्र उशिरा येते. तेव्हा फ्रीज कशासाठी वापरायचा आणि कशासाठी नाही, हे समजून घ्यावे लागेल. ते पुढे सांगतो.

आपल्या आजी-आईंना शिळ्या अन्नाची लाज वाटत नसे. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी त्यांचा कुस्करा होई, उरलेल्या भाताला फोडणी बसे. हाच मान पावाला द्यायला काय हरकत आहे? कडक झालेल्या पावाचे तुकडे करून, पाण्याचा हलका हात लावून, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि शेंगदाण्याचे कूट घालून फोडणीचा पाव उत्तम होतो. तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडून, झाकण ठेवून मिनिटभर गरम केला तर मिसळीबरोबर कुणाला शिळा असल्याचे कळणारही नाही. अगदी वाळला असेल तर मंद आचेवर कोरडा करून त्याचा चुरा भरून ठेवा, कटलेट आणि पॅटिसला उपयोगी पडतो. बेकरीतला टोस्ट म्हणजे तरी काय? दोनदा भाजून पाणी काढून टाकलेला पावच. पाणी नाही म्हणून बुरशी नाही, आणि म्हणून तो आठवडेच्या आठवडे टिकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के घराघरांतून गेले. हॉटेलांना आणि लग्नाच्या पंगतींना नावे ठेवण्याआधी आपल्या ओट्याखालची बादली एकदा पाहावी, हे बरे.

बुरशीचा कोपरा कापून भागत नाही

आता दुसरी बाजू. पावावर हिरवा, काळा किंवा पांढरा कापसासारखा ठिपका दिसला, तर तो पाव संपला असे समजावे. तो ठिपका म्हणजे बुरशीचे फक्त वर आलेले तोंड. तिचे केसाहून बारीक तंतू पावाच्या जाळीदार अंगात आधीच पसरलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. घट्ट गाजराचा खराब भाग खोल कापून टाकला तर उरलेले चालू शकते. पावासारख्या मऊ, सच्छिद्र पदार्थाला हा नियम लागू नाही. पाकिटातल्या एका स्लाइसला बुरशी दिसली तर शेजारच्याही विश्वासाच्या राहिल्या नाहीत.

"डॉक्टर, भाजून घेतला तर?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. भाजल्याने बुरशी मरेल, पण काही बुरश्या जे विष तयार करतात ते तव्याच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. दुसरा प्रश्न थोड्या शिकलेल्या मंडळींचा. "बुरशीपासूनच पेनिसिलिन काढतात ना?" काढतात. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली त्याचा शोध लागला तो एका विशिष्ट बुरशीत. पण तुमच्या पावावर कोणती बुरशी वाढली आहे हे ना तुम्हाला सांगता येईल, ना मला. म्हैस दूध देते म्हणून शिंगे असलेल्या कुठल्याही जनावराखाली चरवी धरून बसत नाहीत.

बुरशीच्या विषाची ताकद काय असते, हे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात एका उदाहरणाने शिकवले जाई. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात, पंचमहाल आणि बांसवाडा जिल्ह्यांत, बुरसटलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. ते अन्न खाणारी गावातली कुत्रीही मेली. कारण होते अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेले यकृताचे विष. ती माणसे दिवसेंदिवस तेच धान्य पोटभर खात होती. पावाच्या एका तुकड्याने असे काही होत नाही, तेव्हा नकळत एखादा घास गेला असेल तर घाबरून जाऊ नका. बहुतेकांना काहीच होत नाही, फार तर मळमळ किंवा उलटी होते. पण अफ्लाटॉक्सिन थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे आता सिद्ध झालेले आहे. 'एकदा खाल्ला, काही झाले नाही' हा पुरावा म्हणून पुरेसा नाही.

आणखी एक सूचना. खराब झालेला पाव नाकाशी नेऊन वास घेऊ नका. बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर आत जातात आणि दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते.

उन्हाळ्यात पावाला आणखी एक रोग होतो. पाव बाहेरून चांगला दिसतो, पण तोडला की आत चिकट असतो, तार सुटते आणि फार पिकून उतरलेल्या खरबुजासारखा गोडूस वास येतो. पिठातल्या एका जातीच्या जंतूंचे बीज भट्टीतही मरत नाही. पावाच्या पोटातली उष्णता शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून ते तग धरते आणि उकाड्यात वाढते. असा पावही खाऊ नये.

दुसऱ्याच्या ताटात टाकू नका

आता जे लिहितो ते काही वाचकांना लागेल, पण लिहिले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. रात्रभर उलट्या. बाई चार घरची धुणीभांडी करतात. काय खाल्ले विचारले तर म्हणाल्या, "पाव खाल्ला, डॉक्टरसाहेब. हिरवं झालं होतं तेवढं काढून टाकलं मी." पाव कुठून आणला? "वहिनींनी दिला. फेकून देण्यापेक्षा तुझ्या पोरांना ने म्हणाल्या."

उलट्या पावानेच झाल्या असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पावसाळ्यात उलट्यांना दहा कारणे असतात. जलसंजीवनीवर मूल दुसऱ्या दिवशी खेळायला लागले. पण वहिनींचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. जो पाव आपल्या मुलाला द्यायला हात धजत नाही, तो दुसऱ्याच्या मुलाला देणे हे दान कसे म्हणावे? वहिनी वाईट नसाव्यात. अन्न टाकू नये हा संस्कार त्यांच्यावर आहे आणि तो चांगलाच आहे. पण अन्न टाकू नये, याची सुरुवात ते खराब होण्याआधी झाली पाहिजे. द्यायचा असेल तर पाव ताजा असताना द्या. चार उरतील असे वाटते ना? मग आजच दोन देऊन टाका.

हीच गोष्ट गाईची. बुरसटलेला पाव गाईपुढे टाकला की पुण्य लागले असे आपण मानतो. गाय-म्हशीच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून तिच्या दुधात उतरतो, आणि दूध उकळल्याने तो जात नाही. म्हणजे मागच्या दाराने टाकलेला पाव पुढच्या दाराने आपल्याच कपात परत येऊ शकतो. खराब पाव परसात मातीत पुरावा, किंवा पिशवीतून काढून ओल्या कचऱ्यात द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट रस्त्यावर टाकू नये. गाय पिशवीही गिळते.

पाव घ्यावा कोणता?

साठवणीची निम्मी काळजी खरेदीतच मिटते. पहिला नियम, जेवढा लागतो तेवढाच घ्यावा. घरात माणसे तीन आणि लादी अख्खी, हा हिशेब चुकीचा आहे. बहुतेक बेकरीवाले अर्धी लादी तोडून देतात. मागायला संकोच करू नका.

दुसरा नियम, बेकरीत पाव किती वाजता भट्टीतून निघतो ते विचारून ठेवा आणि त्या वेळी जा. चांगल्या पावाला भाजल्या पिठाचा खमंग वास असतो. बोटाने हलके दाबले तर तो पुन्हा वर येतो. वरचा रंग सगळीकडे सारखा तपकिरी असतो, बूड करपलेले नसते, आतला भाग बोटाला चिकटत नाही. वाफाळता पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून देत असतील तर घेऊ नका, किंवा घरी येताच उघडा करून निवू द्या. आत साठलेली वाफ म्हणजे बुरशीला आमंत्रण.

घरून कापडी पिशवी न्यावी हे सर्वांत चांगले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव घेऊ नये. छपाईच्या शाईतले घातक पदार्थ अन्नात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ आणि २०२३ साली याविरुद्ध सूचना काढल्या. आपण हातात धरलेले हे वर्तमानपत्रही त्याला अपवाद नाही. ते वाचावे, पावाला नेसवू नये. संपादकांची याला हरकत नसावी.

पाकिटातला ब्रेड घेणाऱ्यांनी पाकीट वाचायला शिकावे. अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात, तर घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला लावा, त्याचाही अभ्यास होईल. उत्पादनाची आणि वापराची तारीख पाहा. चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का पाहा. मग घटकांची यादी. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो. 'ब्राऊन' ब्रेडच्या यादीत पहिले नाव मैद्याचे आणि शेवटी कॅरॅमल रंग असेल, तर आपण रंगवलेला मैदा जास्त पैसे देऊन घेत आहोत हे लक्षात घ्या. मधुमेहाचे अनेक रुग्ण तपकिरी रंगावर विश्वास ठेवून चार-चार स्लाइस खातात आणि साखर का वाढली म्हणून मला विचारतात. शंभर ग्रॅम गव्हाच्या आट्यात अकरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मैद्यात तीन ग्रॅमही नाहीत. ब्लडप्रेशरच्या रुग्णांनी हेही ध्यानात ठेवावे की, शंभर ग्रॅम पावात साधारण एक ग्रॅम किंवा थोडे अधिक मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

पाव फार पांढरा, फार फुगलेला आणि कापसासारखा मऊ असला म्हणजे उत्तम, ही समजूत सोडून द्यावी. २०१६ साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने तिथल्या बाजारातले पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. पाव फुगावा आणि पांढरा दिसावा म्हणून ही द्रव्ये पिठात घालत. ब्रोमेट हे कॅन्सरचा संभव असलेल्या द्रव्यांत मोडते. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने त्याला परवानगी असलेल्या द्रव्यांच्या यादीतून काढून टाकले. आपल्या बेकरीवाल्याला नम्रपणे विचारायला हरकत नाही, "दादा, पिठात काय घालता?" चांगला कारागीर या प्रश्नाने चिडत नाही.

पाकिटातला ब्रेड अधिक दिवस टिकतो, कारण त्यात बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेटसारखे परिरक्षक असते. ते सरकारमान्य आहे आणि मर्यादेत वापरले तर भिण्याचे कारण नाही. पण गावच्या बेकरीचा पाव दोन दिवसांत खराब होतो म्हणून तो हलका, असे समजू नये. अन्नाने ठरलेल्या वेळी शिळे व्हावे, हा त्याचा दोष नव्हे.

ठेवावा कसा?

उन्हाळ्या-हिवाळ्यात एक-दोन दिवसांचा पाव फ्रीजमध्ये ठेवू नये. स्वच्छ, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा, झाकण अगदी गच्च लावू नये. डबा शेगडीजवळ, खिडकीच्या उन्हात किंवा पाण्याच्या माठाशेजारी नको. पाव कोरड्या हातानेच काढावा. जुन्या पावावर नवा रचू नये, कारण जुन्यावरची बुरशी नव्यावर उतरते. आठवड्यातून एकदा डबा आणि फडके गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. पाव संपला तरी बुरशीचे बीजाणू डब्यात मुक्काम करून असतात.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. हवा दमट असते, बाहेर ठेवलेल्या पावाला दुसऱ्याच दिवशी बुरशी दिसू शकते. त्या दिवसांत रोजचा पाव रोज आणावा. दोन दिवसांहून अधिक ठेवायचाच असेल तर घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावा. कडक होईल, पण कडकपणाला तवा आहे, बुरशीला उपाय नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा. तिथल्या थंडीत शिळे होण्याची क्रिया जवळजवळ थांबते आणि बुरशीही वाढत नाही. पाव ताजा असतानाच एका वेळेला लागतील तेवढे वेगवेगळे बांधून तिथे ठेवावेत आणि लागतील तेवढेच काढून थेट तव्यावर गरम करावेत. एकदा बाहेर काढून मऊ झालेला पाव पुन्हा गोठवू नये. मात्र जिथे रोज तास न् तास वीज जाते, तिथे या कप्प्यावर फार भिस्त ठेवू नका. पाव वितळतो, पाणी सुटते आणि तो ओला होतो. अशा ठिकाणी कमी आणणे हाच खरा उपाय.

वाचकहो, या सगळ्याला पैसे लागत नाहीत. लागते ती थोडी नजर आणि थोडी सवय. आठवडाभर घरात एवढेच करून पाहा. पाव आणण्याआधी डब्यात किती शिल्लक आहे ते बघा, कडक झालेल्याला फोडणी द्या, ठिपका दिसलेला मातीत घाला. आणि कुणाला पाव द्यायचा झाला, तर आपल्या मुलाच्या ताटात वाढला असता तसाच द्या.